पान चार, डाक

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

भागवतांनी आज पुन्हा तो कागद पुढे सरकवला. 'तपासणी पूर्ण. मूळ अंक नष्ट करण्यास हरकत नाही.' खाली माझं नाव टाइप करून ठेवलेलं, वर सहीपुरती जागा. म्हटलं, सत्त्याऐंशीच्या पुढची स्कॅन केलेली पानं मी अजून बघितलेली नाहीत. "पद्मजाबाई, डेस्कवर होतात तेव्हा रोजचा अंक तासाभरात सोडायचात. आता मेलेल्या अंकांना एवढा वेळ?" — हसून. शरच्चंद्र भागवत हसले की समजावं, टोचून झालं आहे.

वीस तारखेला तळघर रिकामं करून द्यायचं, असा ट्रस्टच्या या सचिवांनी परस्पर शब्द दिलाय. बेचाळीस वर्षांचे गठ्ठे लगद्याला जाणार. आमचं बंद पडलेलं दैनिक यापुढे फक्त कॉम्प्युटरात. माझी सही झाली की ट्रक!

५ फेब्रुवारी

आज एकही पान तपासून झालं नाही. कारण — पाथ.

उल्काने दिलेला तपासणीचा प्रोग्राम भागवतांच्या टेबलावर चालतो, माझ्या टेबलावर चालत नाही. खराडीला फोन केला. उल्का तिथल्या कंपनीत प्रोग्रामर. ट्रस्टचं काम तिच्या गळ्यात पडलंय आणि ते ती लपवत नाही. "मॅडम, पाथ हार्डकोड आहे. सरांच्या डेस्कटॉपचा. तुम्ही तुमचा टाका." म्हणजे असं, की प्रोग्रामच्या पोटात फाइलींचा अख्खा पत्ता लिहून ठेवलाय — सी ड्राइव्ह, मग भागवत, मग डेस्कटॉप, मग 'पेपर फायनल नवीन'. माझ्या मशीनमध्ये भागवत नाहीत. त्या मशीनबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

मग ती पत्ता सांगणार, मी लिहिणार. "स्लॅश." कुठला? "उलटा." उलटा म्हणजे? "मॅडम... डावीकडे झुकलेला." तो टाकला, तर प्रोग्रामने त्याचा भलताच अर्थ घेतला. "हां, मग तो दोनदा टाका. नाहीतर सरळ टाका, सरळही चालतो." सरळही चालतो, तर उलटा सांगितलास कशाला? पलीकडून नुसता उसासा. "आणि फोल्डरच्या नावात स्पेस कोणी दिल्यात? तुम्ही प्रेसवाले नावात स्पेस का देता?" म्हटलं, बाई, दोन शब्दांत जागा सोडायची असते असं आम्हाला शाळेत शिकवलं. हसली नाही.

चार वाजता चालला. सहाला ऑफिस बंद.

६ फेब्रुवारी

नव्वद सालापर्यंत आले. पानं स्वच्छ आहेत. भागवतांना सांगितलं नाही. बघू देत वाट.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

लोणी काळभोरहून एक गृहस्थ आले. हिंदुराव. साठीचे, परीटघडीचा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत. "बाई, एक जुनं पान पायजे. सतरा मे चौऱ्याऐंशी. आमच्या वडलांच्या जमिनीची जाहीर नोटीस आली व्हती तुमच्यात. सव्वीसला कोर्टात तारीख हाय. सगळं त्या नोटिशीवर अडलंय."

भागवत पलीकडून, मान वर न करता — "हे वाचनालय नाही. दर गुरुवारी बारा ते एक, लेखी अर्ज." आज शुक्रवार! हिंदुराव उभेच. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. भागवतांसमोर कुणाला चहा सांगितला की तो जास्त गोड लागतो.

फोल्डर उघडलं. १९८४, आत ०५, आत १७. आठ पानं. नोटिशी पान चारवर असायच्या. पान चारवर नाटकांच्या जाहिराती, नळ कोणत्या पेठेत कधी येणार ते, एका शाळेचं सुट्टीतलं शिबिर. नोटीस नाही. आठही पानं पाहिली. नाही.

"पर आली व्हती. म्या माझ्या डोळ्यानं वाचलीय."

तारीख चुकली असेल, म्हटलं. त्यांनी पिशवीतून वकिलाची चिठ्ठी काढून दाखवली. तारीख तीच. नंबर लिहून घेतला. जाताना पायऱ्यांवर दोनदा थांबून मागे बघितलं त्यांनी. 

९ फेब्रुवारी

सकाळी चहा गाळताना हात थांबला. डाक!

हिंदुराव लोणीचे. लोणीला आमचा शहराचा अंक कधी जातच नव्हता. डाक आवृत्ती रात्री आठला छापून एसटीने जिल्ह्यात जायची, दुसऱ्या दिवशीची तारीख घालून. पहाटे शहर आवृत्ती निघायची. तारीख तीच! बाकी पानांत थोडा फरक, पण पान चार सबंध वेगळं. डाकेत जिल्ह्याचं पान, शहरात पेठांचं. एका तारखेचे दोन अंक, आणि आमच्याकडे तारखेला फोल्डर एक.

तशीच ऑफिसला गेले. चौऱ्याऐंशीची पन्नास पानं उघडली, सगळी पान चार. सगळी शहराची. पंच्याऐंशी, तेच. एकाहत्तर ते त्र्याण्णव डाक निघत होती. एकाही वर्षी तिचा मागमूस नाही. म्हणजे बावीस वर्षं जिल्ह्यात काही घडलंच नाही!

तळघरात संभाजी होता. गठ्ठे तोच बांधतो, स्कॅनरवर पानंही तोच लावत होता. "डाक? ती तर आधी झाली ताई. दिवाळीच्या आधीच. शहर नंतर." गठ्ठे दाखवले, जांभळ्या दोरीचे.

झाली! मग गेली कुठे?

११ फेब्रुवारी, सोमवार

उल्काला फोन. "मॅडम, स्क्रिप्ट क्लीन रन झालीय. झीरो एरर्स." म्हटलं, बावीस वर्षं गायब आहेत. "मग स्कॅनच झाली नसतील. एरर असती तर लॉगमध्ये आली असती. मला स्टँडअप मीटिंग आहे." ठेवला.

भागवतांकडे गेले. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. तारखा गुणिले आठ पानं. "बरोबर तेवढ्याच फाइली आहेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. आता गणितावरही तुमचा विश्वास नसेल तर ट्रस्टपुढे काय ठेवू?" अहो, पण तारखेला दोन अंक होते! "डाक म्हणजे अंक नव्हे, पद्मजाबाई. आदल्या रात्रीचा शिळा माल."

या माणसाने वीस वर्षं आमचा वितरण विभाग सांभाळला. शिळा माल रोज एसटीत यानेच चढवला.

१२ फेब्रुवारी

संभाजी म्हणाला, "ताई, स्कॅनर स्वतः मोजतो की." पडद्यावर एका कोपऱ्यात आकडा असतो, किती पानं ओढली त्याचा. एक लाख ब्याऐंशी हजार आणि वर काही. फाइली एक लाख एकोणीस हजार. त्रेसष्ट हजार पानं मशीनने ओढली आणि ती कुठेच नाहीत.

भागवत — "मशीन जुनं आहे."

आकड्याचा फोटो काढून उल्काला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या. 

१३ फेब्रुवारी, बुधवार

उल्का स्वतः आली! खराडीहून स्कूटरवर, तोंडाला ओढणी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. लॅपटॉप उघडला. तास दीड तास कीबोर्ड बडवला. मग खुर्ची मागे सरकवली.

"ओव्हरराइट झाल्यात."

तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहून ठेवते. प्रत्येक स्कॅनला तिचा प्रोग्राम नवा पत्ता जोडून द्यायचा: साल, महिना, तारीख, पान. मग फाइल उचलून त्या पत्त्यावर नेऊन ठेवायची. डाक आधी गेली, जागेवर बसली. नंतर शहर गेली, त्याच पत्त्यावर. सुरुवातीला हे काम तिच्या विंडोजच्या लॅपटॉपवर चालत होतं. तिथे पत्त्यावर आधीच फाइल असली की प्रोग्राम थांबतो, ओरडतो. तो शहराच्या पहिल्याच दिवशी ओरडला. एकदा, दहादा. "टीम लीड म्हणाला, सारखा अडकतोय तर सर्व्हरवर चालव." सर्व्हर लिनक्सचा. तिथे तीच आज्ञा ओरडत नाही. आधीची फाइल असेल तर न विचारता नवी तिच्यावर बसवते.

"म्हणून झीरो एरर्स," ती म्हणाली.

आणि भागवतांनी त्यावर कंपनीला अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतं!

परत मिळवता येतील का? "पुसलेल्या असत्या तर प्रयत्न केला असता. त्यांच्या जागेवर दुसऱ्या आहेत. आणि स्कॅनरचं फोल्डर रिकामं आहे. मी कॉपी नव्हती केली, मूव्ह केलं होतं. बॅकअप नंतरचा."

मी काहीतरी लागट बोलणार होते. तयारही होतं तोंडात. तेवढ्यात ती म्हणाली, "पाथ मी नाही ठरवला, मॅडम. मला तक्ता दिला होता. साल, महिना, तारीख, पान. आवृत्ती म्हणून काही असतं हे मला कोणी सांगितलं? पण कोड माझा आहे. ओरडत होता तेव्हा का ओरडतोय ते मी बघायला हवं होतं."

तक्ता ठरला त्या बैठकीला मी होते. भागवत बोलले, मी मान डोलावली. डाक आठवलीच नाही. अठ्ठावीस वर्षं शहराच्या डेस्कवर काढली, सकाळी ऑफिसला आल्यावर डाकेचं पान चार एकदाही उघडून पाहिलं नाही. आमच्यात कुणीच पाहत नसे. हे फक्त इथे लिहितेय. भागवतांना हे हत्यार मिळायला नको.

१४ फेब्रुवारी

भांडण. लिहिण्याजोगं.

मी — डाकेचे गठ्ठे थांबवा. पुन्हा स्कॅन करू.
ते — त्रेसष्ट हजार पानं? सहा दिवसांत? ठेवणार कुठे, तुमच्या न्हाणीघरात?
मी — सगळी नकोत. पान चार तेवढं वाचवू. आठ पानी अंकाचा आतला ताव काढला की तीन-चार-पाच-सहा येतात. तेवढे ताव दोन कपाटांत मावतील.
ते — कशासाठी? कोण विचारतंय?
मी — परवा एक गृहस्थ आले होते.
ते — एका माणसासाठी ट्रस्ट तोंडघशी पडायचा का?
मी — सही हवी आहे ना?
ते — तुमचा करार अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे. वाढवण्याचा विषय मीच काढणार होतो. होतो!

म्हटलं, काढू नका. तुमचा विषय तुमच्याकडेच ठेवा.

बाहेर येऊन पाणी प्यायले. आवाज चढला नाही माझा, याचं समाधान. 

संध्याकाळी हिंदुरावांचा फोन. "घावलं का?" म्हटलं, पान तळघरात आहे; तिथून हलू दिलं नाही तर सापडेल. "बगा बाई. सव्वीसच्या आत पायजे." आवाज इतका मऊ, की भागवतांचा राग दुप्पट झाला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

साडेनऊला पोचले तर दारात टेंपो उभा! आत चढवायला घेतलेले गठ्ठे कोणते? जांभळ्या दोरीचे. वीस तारीख नाही, माझी सही नाही; ज्यावर भांडण आहे तेच आधी बाहेर! भागवत जिन्यात उभे राहून मोबाइलवर बोलत होते. मला पाहिलं आणि बोलणं लांबवलं.

मी फुटपाथवरच्या गठ्ठ्यावर बसले. एकसष्टाव्या वर्षी, कॉटनची इस्त्रीची साडी नेसून. मंडईकडून येणारी माणसं पिशव्या घेऊन बघत चालली होती. टेंपोवाला हॉर्न मारतोय. एक बाई थांबून विचारते, "चक्कर आली का हो?" म्हटलं, नाही, वाट बघतेय.

"उठा पद्मजाबाई, शोभत नाही," — भागवत.
"तुम्हाला शोभत असेल तर मलाही शोभेल."
"संभाजी, चढव रे बाकीचे."
संभाजीने खांद्यावरचं फडकं काढून झटकलं. "साहेब, ताई उठल्याबिगर मी गठ्ठा उचलत न्हाई. मणक्याचा त्रास आहे मला." काल याच माणसाने एकट्याने लोखंडी कपाट सरकवलं होतं!

वीस मिनिटं. समोरच्या दुकानातले दोघं फोटो काढायला लागले, तेव्हा भागवत खाली आले. खालच्या आवाजात, दातांतून — "चढवलेले उतरवा, आतले ताव काढून घ्या. वीसला सकाळी ट्रक. एक मिनिट जास्त नाही. आणि सही."

"त्या वेळी मजकूर मी लिहीन."

"लिहा. तेवढंच येतं तुम्हाला."

खरं आहे.

१७ फेब्रुवारी

रविवार असून गेले. मी आणि संभाजी. गाठ सोडायची, अंक उलगडायचा, आतला ताव ओढायचा, तारखेप्रमाणे लावायचा. चौऱ्याऐंशीपासून सुरुवात करायचं ठरवलं होतं, पण चौऱ्याऐंशी भिंतीलगत, तळाला. वरचं संपल्याशिवाय हात पोचत नाही.

१८ फेब्रुवारी

अकरा वर्षं झाली. नाकात, डोळ्यांत, डब्यातल्या भाजीत धूळ. दुपारी उल्का आली, रजा टाकून. मास्क, हातमोजे, सगळा सरंजाम. "तारीख वरच्या बाजूला असते ना?" हो, म्हटलं, जगभर. या वेळी हसली, थोडीशी.

पानांवरून नजर जातेच. उरुळीत विहिरीत बैल पडला. दौंडच्या शाळेला छप्पर. यवतच्या कुस्त्या. असलं बारा-बारा ओळींचं. कोणीतरी बसून नीट लिहिलेलं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

शिवजयंतीची सुट्टी. बाहेर ढोल, आत आम्ही तिघं. साडेतीनला मे चौऱ्याऐंशी. १४, १५, १६... १८. सतरा नाही!

 संभाजीने गठ्ठा उलटा केला. उल्का जमिनीवर बसून एकेक अंक झटकायला लागली. सोळाच्या पोटात सतरा अडकलेला होता, अख्खा. पान चार, खाली डावीकडे, दोन कॉलम:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे लोणी काळभोर येथील कै. सोनबा यांचे निधनानंतर त्यांचे शेतजमिनीस त्यांचा मुलगा हिंदुराव व मुलगी शकू हे दोघेच कायदेशीर वारस असून...' पुढे नेहमीचं. गट नंबर, पंधरा दिवसांत हरकती. नोटीस देणार — हिंदुराव स्वतः.

उल्काने ते पान तिथल्या तिथे स्कॅन केलं. नव्या पत्त्यात एक पायरी वाढवली आहे तिने: साल, महिना, तारीख, मग आवृत्ती, मग पान. "आणि आता जागेवर काही असलं तर प्रोग्राम थांबेल. विंडोज असो, लिनक्स असो. मी आधी विचारायला लावलंय त्याला." मध्यरात्रीपर्यंत उरलेली सगळी वर्षं संपवली. कपाटं बंद. किल्ल्या माझ्या पर्समध्ये.

२० फेब्रुवारी

ट्रक गेला. सही दिली. मजकूर: 'शहर आवृत्ती तपासली. डाक आवृत्तीची मूळ स्कॅन नामरचनेतील चुकीमुळे नष्ट झाली. आतले ताव राखून ठेवले आहेत. नामरचना ठरवताना मी उपस्थित होते.' भागवतांनी तीनदा वाचलं. शेवटच्या वाक्यापाशी माझ्याकडे बघितलं.  ते वाक्य त्यांनाही लागू आहे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

हिंदुराव आले. छापील प्रत हातात दिली. उभ्यानेच वाचली, बोट ओळीवर ठेवून. एकदा, परत एकदा. मग चार घड्या घालून आतल्या खिशात. पिशवीत नाही.

वाटलं होतं, चेहरा फुलेल. माणसं सगळी सारखी नसतात. "लई तरास घेतला बाई तुमी." म्हटलं, अहो, ट्रकखाली जायचं होतं ते. "बाकीचा कागद गेला न्हवं सगळा?" गेला, ट्रक भरून, परवाच. "मग बरं. माजं काम झालं. आता तुमी ह्ये ठिवायची गरज न्हाई." साधा माणूस! त्या ठेवण्यावरून इथे केवढी मारामारी झाली, त्यांना काय कल्पना.

अंजिरांची करंडी ठेवून गेले. संभाजीला दिली अर्धी. भागवतांच्या टेबलावरही चार ठेवली. खाल्ली नाहीत.

२७ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी ऑफिसच्या फोनवर एक बाई. थकलेला आवाज, शब्द तोलून. "म्या शकू बोलती, लोणीची. हिंदुरावाची थोरली भन. काल कोर्टात त्यो म्हनला, तुमच्याकडं जाऊन आला, दोगांच्या नावाची तसली नोटीस काय कुठं छापलीच न्हाई. बापाला वारस म्या एकलाच, म्हनला. खरं का ओ ताई? नसंल तर नसंल, म्या केस सोडून देती."

फोन कानाला ठेवूनच फाइल उघडली. १९८४, ०५, १७, डाक, पान ०४.

आहे, म्हटलं. पुढची तारीख कधी आहे?